तीन मोजायच्या आत

खामगावात कय्यूमचाचांचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. आणि कय्यूमचाचांशी पाच मिनिटं निवांत बसून बोलला असा माणूसही सापडणं कठीण.

साड्यांचा सेल लागला, डोळ्यांचं शिबिर भरलं, नळ दोन दिवस येणार नाहीत, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्यांच्याच आवाजात. पूर्वी ते स्वतः रिक्षात माईक धरून बसायचे. आता आवाज माझ्याकडे रेकॉर्ड होतो, मेमरी कार्डात जातो आणि रिक्षावाला एकटाच गावभर फिरतो. त्यामुळे व्हायचं काय, की चाचा दुपारी खोलीवर जेवायला बसले की खिडकीखालून त्यांचाच आवाज जायचा, 'माता-भगिनींनो, फक्त तीन दिवस, फक्त तीन दिवस.' मला सांगायचे, "चला, घरात कोणी तरी बोललं." आणि हसायचे. मला हसू यायचं नाही, पण समोरचा हसत असला की तोंड वाकडं करून बसता येत नाही.

मी रवी वानखडे. लोकांचे आवाज रेकॉर्ड करणं हा माझा धंदा. स्टुडिओ म्हणायची लाज वाटते. दळणाच्या गिरणीवरची एक खोली, मध्ये काच लावून दोन भाग केलेले, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि पंखा आवाज करतो म्हणून बंद. भीमगीतं, हळदीची गाणी, निवडणूक आली की सगळ्या पार्ट्यांचा प्रचार, सगळ्यांना सारखाच मान. खाली गिरणी चालू असली की माझ्या माईकात ज्वारी दळली जाते, म्हणून खरं काम दुपारी एक ते चार, गिरणीवाला जेवून आडवा होतो तेव्हा. माझा स्वभाव तिरसट आहे. बायको सांगते, गिऱ्हाईक सांगतात, म्हणून म्हटलं मीच आधी सांगून मोकळं व्हावं.

चाचा मूळचे इथलेच. वडील जिनात कामाला, रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर. चाचा अठरा वर्षांचे असताना गावात सर्कस लागली आणि त्या सर्कशीच्या माईकवाल्याचा घसा बसला. कबड्डीच्या सामन्यात तोंड चालवणारं एक पोट्टं आहे, असं कुणीतरी मालकाला सांगितलं. दोन खेळांपुरते उभे राहिले आणि सर्कस गेली तेव्हा तिच्यासोबत गेले. आई रडली. वडील म्हणाले, जाऊ दे, तोंडाचं काम आहे, हात तर तुटणार नाही. पुढची सव्वीस वर्षं चाचा लाल कोट घालून रिंगणाच्या कडेला उभे होते. सर्कशीचं नाव मी लिहीत नाही. ती बंद पडली, आणि मेलेल्याचं उणंदुणं काढायची मला हौस नाही.

आता अडुसष्टाव्या वर्षी ते एकटे राहतात. बायको, अमीनाचाची, कधीच गेली. मुलगी आयशा भुसावळला दिलेली, तिथे शाळेत शिकवते, तिला आठ वर्षांचा मुलगा, आसिम. वर्षात दोन ईद, दोन फोन. मी एकदा तो फोन समोर बसून ऐकला. सलाम, तब्येत कशी, बीपीची गोळी घेता ना, आसिम बरा आहे, खुदा हाफिज. सगळं स्वच्छ, अदबीच्या हिंदीत. बँकेतली बाई यापेक्षा जास्त बोलते. फोन ठेवून चाचा म्हणाले, पोरगी मोठी समजदार आहे. मी म्हटलं, हो, दिसतंच आहे. मग स्वतःचीच जीभ चावली.

तर मंजुश्री मॅडम. संग्रामपूरकडच्या एका शाळेवर शिक्षिका आहेत. त्यांना पुण्याच्या एका संस्थेनं मुलांसाठी बोलकं पुस्तक करायला सांगितलं होतं, म्हणजे छापायचं नाही, मोबाईलवर ऐकायचं. विषय त्यांनीच निवडला, सर्कस. मैना नावाची एक मुलगी, तारेवर सायकल चालवणारी, तिला भीती वाटते, मग तिला धीर कसा सापडतो, असे आठ भाग. चांगलं लिहितात बाई. सर्कस मात्र त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलेली, म्हणून माहिती काढत काढत त्या चाचांकडे पोहोचल्या.

आणि चाचा खुलले. सव्वीस वर्षं साठलेलं होतं, कोण विचारतं? हत्तीच्या अंघोळीपासून जोकरांच्या भांडणापर्यंत सगळं त्यांनी त्या बाईंना सांगितलं. त्यात त्यांच्या धंद्याचा एक नियमही सांगितला, मोठ्या फुशारकीनं. खेळात कुणी पडलं, की माईकवाल्यानं तीन मोजायच्या आत बोलायचं. हसून बोलायचं. 'हा तर आमच्या खेळाचाच भाग, जोरदार टाळ्या.' बँड थांबवायचा नाही. एका बाजूनं जोकर आत आले पाहिजेत आणि दुसऱ्या बाजूनं पडलेलं माणूस बाहेर गेलं पाहिजे. कारण सर्कशीची गॅलरी म्हणजे दोरीनं बांधलेल्या फळ्या. घाबरून तीन हजार माणूस एकदम उठलं, तर पडलेला एक राहतो बाजूला आणि पन्नास चिरडतात. मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. मी तिथेच होतो. मलाही तेव्हा ते भारी वाटलं.

मॅडमनी ठरवलं, आवाज चाचांचाच. शनिवारी सकाळची शाळा करून त्या बसनं यायच्या, दोन वाजता आम्ही सुरू करायचो. पहिल्याच शनिवारी माझं डोकं फिरायची पाळी आली. मॅडमनी समजावलं, "चाचा, एक लेकरू आहे. पांघरुणात पडलंय, कानाशी मोबाईल आहे. त्या एकट्याला सांगायचं." चाचा म्हणाले, समजलं. आणि घसा साफ करून त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून खालचा गिरणीवाला झोपेतून उठला. आवाज मोजायचा काटा लाल रेघेच्या पार. मी माईक लांब नेला. मग चाचांना लांब नेलं. उभं केलं, बसवलं, डोळे मिटून वाचा म्हटलं. एकदा तर डोक्यावरून गोधडी पांघरून वाचायला लावलं, एप्रिल महिन्यात. घामाघूम होऊन बाहेर आले, पण गोधडीतूनही तीन हजार माणसांशीच बोलत होते.

मॅडम बसला गेल्यावर चाचा बाकावर बसून राहिले. म्हणाले, "रवी, एका माणसाले कसं बोलतात बे?"

मला वाटलं गंमत करताहेत. तोंड पाहिलं तर गंमत नव्हती. मी वैतागलेला होतो, बोलून गेलो, आयशाशी बोलता तसं बोला ना. चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, तिच्याशीच जमलं असतं तर तुझ्याकडे शिकवणी कशाला लावली असती. आणि जिन्यानं खाली गेले. मला त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

पाच भाग मात्र कसेबसे झाले. मी आवाज दाबून घेतला, मॅडम म्हणाल्या की सर्कशीचं वातावरण आहे, थोडं मोठं चालेल, मुलं हसतील. सहाव्या भागाला मॅडमना शाळेचं काहीतरी काम निघालं, त्यांनी कागद पाठवून दिले आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं करून घ्या.

सहाव्या भागात मैना तारेवरून पडते.

चाचांनी वाचायला सुरुवात केली. मैना सायकलवर बसली, छत्री उघडली, अर्ध्या तारेवर आली, तोल गेला. पुढची ओळ होती, 'माईकवाले काका तीन मोजायच्या आत हसून म्हणाले, मुलांनो, घाबरू नका, हा तर आमच्या खेळाचाच भाग. वाजवा टाळ्या.' चाचा तिथे थांबले. मी काचेतून हाताने खूण केली, चला. ते नाही चालले. त्यांनी ओळ पुन्हा मनात वाचली, कागद स्टुलावर ठेवला आणि विचारलं, हे बाईले कोणी सांगितलं?

मी म्हटलं, तुम्हीच.

हो, म्हणाले, मीच.

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अमीनाचाची त्याच सर्कशीत होत्या. बुऱ्हाणपूरच्या. तारेवर सायकल चालवायच्या. रविवारचा दुसरा खेळ, निजामाबादचा मुक्काम, गॅलरी खचाखच. त्या पडल्या. खाली जाळी नव्हती, सायकलच्या खेळाला जाळी लावतच नसत. आणि चाचांनी तीन मोजायच्या आत, तीन कसले, दोनच्याही आत, हसून सांगितलं की हा खेळाचा भाग आहे, टाळ्या द्या. लोकांनी टाळ्या दिल्या. चार माणसांनी चाचींना उचलून नेलं, जोकर आत आले, लोक हसले. त्यानंतरचे सगळे खेळ चाचांनी एकेक करून पुकारले, शेवटी लोकांना सुखरूप घरी जा म्हटलं आणि मग कोट काढून दवाखान्यात गेले.

कंबर मोडली होती. त्यानंतर चाची धड उभ्या राहिल्या नाहीत. सर्कस पुढच्या गावाला निघाली, हे तिच्यासोबत निघाले, दुसरं पोट भरायचं साधन काय होतं. बायको आणि पोरगी मलकापूरला मेव्हण्याकडे ठेवली. चाची नऊ वर्षं अंथरुणावर काढून गेल्या आणि त्या वर्षी यांनी सर्कस सोडली. सोडून फायदा काय, मी मनात म्हटलं. बैल गेला अन् झोपा केला.

आयशा तेव्हा सात वर्षांची होती. पडद्यामागे उभी होती. आईला उचलून नेताना तिनं पाहिलं आणि त्याच वेळी बाप टाळ्या मागताना ऐकला. मलकापूरला गेल्यावर ती आईला विचारायची, अब्बा टाळ्या काऊन मागत होते? आणि चाची तिला सांगायच्या, तुझ्या बापाच्या डोळ्यावर मोठा लाइट होता, त्याले दिसलंच नाही कोण पडलं ते. मामा तेच सांगायचा, मामी तेच सांगायची. चाचींनी मरेपर्यंत तेच सांगितलं. चाचांनी खोटं सांगितलं नाही. पण ते खोटं आहे असंही कधी म्हटलं नाही.

"जिंदगीभर बोलायचंच खाल्लं," चाचा मला म्हणाले, "आन् तिथं गप राह्यलो."

मी तोंडफाटका माणूस, सरळ विचारलं, दिसलं होतं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात नापास झालेलं पोरगं आहे. म्हणाले, रवी, माईकवाल्याचं कामच पाह्यचं असते.

आता तुम्हीच सांगा. नियम चुकीचा होता का? नव्हता. ते धावत गेले असते आणि गॅलरी कोसळली असती तर? मी दोन दिवस या प्रश्नाचा भुगा पाडला. माझ्या बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, नियम बरोबरच होता, पण ते पोरीला कोण सांगणार? आणि सांगून ती सात वर्षांची पोरगी ऐकेल का? मग मी तो विषय सोडला.

पुढच्या शनिवारी मॅडम आल्या, तेव्हा चाचा तयारीत होते. त्यांनी सांगितलं, सहावा भाग बदला. माईकवाल्यानं माईक खाली ठेवायचा आणि चालत मैनेजवळ जायचं. मॅडम गोंधळल्या. त्यांना या कहाणीतलं काही माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं आणि चाचा सांगणार नव्हते. त्या म्हणाल्या, पण चाचा, ती युक्ती किती छान आहे, मुलांना प्रसंगावधान कळेल, आणि खरी पण आहे ना?

"खरी हाय म्हनूनच म्हणून राह्यलो," चाचा म्हणाले. "लेकराईच्या पुस्तकात तरी त्याले जाऊ द्या ना तिच्याजवळ."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर सोडवायला लागलो, जी गुंतलेली नव्हती. बाई हुशार. एक शब्द न विचारता पेन्सिल काढली आणि तिथेच बाकावर बसून पान बदललं. माईकवाला माईक मातीत ठेवतो. रिंगणातून चालत जातो. लोक उठत नाहीत, चिडीचूप बसून राहतात. तो मैनेजवळ मांडी घालून बसतो. मैना म्हणते, काका, मला भीती वाटते. तो म्हणतो, मलापण.

चाचांनी ते वाचलं, आणि माझा काटा जेमतेम हलला. मी पुढे वाकून आवाज वाढवला, आणखी वाढवला. पांघरुणातल्या एका लेकराशी बोलावं तसं ते बोलत होते. सव्वा महिना मी ज्यासाठी डोकं आपटत होतो, ते असं सहज झालं. मॅडम गादी ठोकलेल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एकाच खेपेत झालं, पुन्हा घ्यायची गरज पडली नाही. गरज पडली असती तरी मी मागितलं नसतं.

दिवाळीनंतर पुस्तक निघालं. 'मैना आणि तारेवरची सायकल', आवाज कय्यूम शेख. मास्तर लोकांच्या ग्रुपवरून ते या शाळेतून त्या शाळेत गेलं, सुलतानपूरच्या एका शाळेतल्या मुलांनी मैनेची चित्रं काढून पाठवली. चाचांनी ती चित्रं माझ्या मोबाईलवर पाहिली, बरी आहेत म्हणाले. त्यांचं चित्त दुसरीकडे होतं. शेवटी एक दिवस मला म्हणाले, भुसावळले पाठवतो का? त्यांच्या मोबाईलवरून का नाही, असं मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे. माझ्या नंबरवरून आयशाला पाठवलं, खाली लिहिलं, मी रवी, खामगाव, हे आसिमसाठी.

मग सुरू झालं वाट पाहणं. चाचा रोज येऊन बसायचे. काम नसलं तरी यायचे, छत्री विसरलो म्हणायचे, पावसाळा संपून महिना झाला होता. बसल्या बसल्या विचारायचे, ते निळं झालं का? तिसऱ्या दिवशी निळं झालं. म्हणजे तिनं पाहिलं. त्यानंतर एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काही नाही. ना सलाम, ना शुक्रिया, ना अंगठा.

त्या दिवसांत मी त्यांना जवळून पाहिलं. माणूस रिकाम्या घरात राहतो म्हणजे काय, हे मला तोवर कळलं नव्हतं. दुपारी डबा माझ्याकडेच आणायचे आणि तसाच परत न्यायचे. बोलता बोलता माझ्या मोबाईलची घंटी वाजली की गप्प व्हायचे. आणि गंमत म्हणजे आवाज गेला. साड्यांच्या सेलचं रेकॉर्डिंग केलं तर दुकानदार कार्ड घेऊन परत आला, म्हणाला, चाचाची तब्येत बिघडली का, सेल आहे का शोकसभा? चाचांना आता मोठं बोलताच येईना. एका माणसाशी बोलायला शिकले आणि तो एक माणूस उत्तर देत नव्हता.

मला आयशाचा राग आला, खोटं कशाला सांगू. शिकली-सवरलेली पोरगी, एक ओळ लिहायला हात मोडतात का? मी रागारागात तिला चार शब्द लिहायला घेतले. बायकोनं मोबाईल हातातून काढून घेतला. म्हणाली, तुमच्या आईले कोणी उचलून नेताना टाळ्या वाजल्या होत्या का? मी मोबाईल परत घेऊन ते चार शब्द पुसले.

चौदाव्या दिवशी, दुपारचे दोन-सव्वादोन झाले असतील, चाचा डोळ्यांच्या शिबिराची जाहिरात वाचत होते. माझा मोबाईल वाजला. भुसावळचा नंबर. तिनं विचारलं, अब्बा तिथं आहेत का? मी काचेचं दार उघडून मोबाईल चाचांपुढे धरला. सव्वीस वर्षं बँडशेजारी उभं राहून त्यांचे कान गेलेत, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावला. बाहेर जायला पाहिजे होतं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, म्हणून गेलो नाही.

सलाम नाही, तब्येत नाही. आणि हिंदीही नाही. मलकापूरच्या गल्लीत लहानपणी बोलत असेल, ती वऱ्हाडी.

"अब्बा, आसिम ते रोज ऐकते."

चाचा म्हणाले, अच्छा.

"त्याच्यात तो माईकवाला माईक ठेवते आन् तिच्याजवळ जाते. आसिम मले इचारते, मम्मी, हे आपले नाना हायेत का? म्या काय सांगू त्याले?"

चाचा मोबाईलकडे वाकले.

"अम्मी म्हने, लाइट होता डोयावर, तुमाले दिसलंच नाही. मामू बी म्हने. म्या मोठी झाली तरी तेच धरून बसली. आता तुमीच सांगा. तुमाले दिसलं होतं का?"

मी कबूल करतो. मी समोर उभा राहून मान हलवली, मोकळा हात हलवला, नाही म्हणा, चाचा, नाही म्हणा. उत्तर तयार होतं. बत्तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, आणि ते देणारी बाई कबरीतून उठून खोडायला येणार नव्हती. एक नाही म्हटलं की मुलगी हाती लागत होती, नातू हाती लागत होता. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांना माझी खूण दिसत होती.

"दिसलं होतं," चाचा म्हणाले.

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. आता तरी सांगा ना, मी मनात ओरडत होतो, सांगा गॅलरीचं, फळ्यांचं, तीन हजार माणसांचं, नियमाचं. मला सांगितलं तसं तिला सांगा. त्यांनी त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

"अम्मीले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"तिनं पडल्याबरोबर माह्याकडंच पाह्यलं होतं."

चाचांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं, की बोटांना मुंग्या आल्या. आणि मग ते स्वतः होऊन बोलले. तिनं विचारलं नव्हतं. मलाही हे त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं.

"आन् तू पडद्यामागून आली होती. माह्या कोटाले धरलं होतं तू. म्या तुहा हात झटकला, आन् बोलत राह्यलो."

फोनमधून आधी श्वास ऐकू आला. मग ती रडायला लागली. शाळेत शिकवणारी, चाळीशीला आलेली बाई, हमसून हमसून, मध्येच श्वास अडकवत. चाचा हलले नाहीत. सव्वीस वर्षं ज्यांनी दोन क्षणांची शांतता जाऊ दिली नाही, ते तसेच फोनकडे बघत बसून राहिले. खूप वेळानं तिचे शब्द आले.

"मले वाटे, तो हात माहा होता हे तुमाले मालूमच नाही."

"मालूम होतं, बेटा," चाचा म्हणाले.

त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत, आणि फोन कुणी ठेवला नाही.